मराठवाड्यातील उद्योगांचा अभ्यास कोण करणार?

मराठवाड्याच्या अर्थकारणावर गेल्या चाळीस वर्षांत जे गंभीर लेखन झाले, त्याचा मोठा भाग अनुशेषाभोवती फिरतो आणि त्याला सबळ कारणे आहेत. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यातील प्रादेशिक असमतोल आकड्यांत मांडून दाखवला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, २०१३ मध्ये डॉ. विजय केळकर समितीने आपला अहवाल दिला. सिंचन, रस्ते, वीज, आरोग्य यांत या प्रदेशाला किती कमी मिळाले याचा हिशेब अर्थतज्ज्ञांनी केला नसता, तर आपली मागणी सभांमधल्या भाषणांपलीकडे गेली नसती. परंतु या हिशेबातून शासनाने काय दिले नाही एवढेच कळते. इथल्या माणसांनी हाती असलेल्या साधनांतून काय उभे केले, त्यातले काय टिकले, काय मोडले आणि काय आहे त्याच आकाराचे राहिले, हे त्यातून कळत नाही. या दुसऱ्या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारी अर्थशास्त्राची एक शाखा आहे; उद्योजकता आणि संघटना हा तिचा विषय. या शाखेत आयुष्यभर काम करू इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकाला मराठवाड्यातील विद्यापीठांत आज वाट सापडत नाही, आणि ती तयार करणे हे या प्रदेशाच्या विकासाचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही शाखा कोणत्या प्रश्नातून जन्मली हे आधी पाहिले पाहिजे. रोनाल्ड कोस हा इंग्लंडमधला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी १९३१-३२ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि तिथे कारखाने पाहत, व्यवस्थापकांना प्रश्न विचारत हिंडला. त्याच्या मनात एक साधा प्रश्न होता: बाजारात सर्व काही विकत मिळते आणि किंमत सर्वांना दिशा दाखवते, असे अर्थशास्त्र सांगते, तर मग मालक, मुकादम, पगारी कामगार असलेल्या उद्योगसंस्था मुळात असतातच कशासाठी? त्याचे उत्तर असे होते की बाजार वापरण्यालाही खर्च येतो. योग्य माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार लिहिणे आणि तो पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवणे हा सगळा खर्च जिथे जास्त होतो, तिथे माणसे व्यवहार बाजारातून काढून संस्थेच्या आत आणतात. हा विचार लेखरूपाने १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९१ मध्ये कोस यांना नोबेल मिळाले तेव्हा त्यात या लेखाचा मोठा वाटा होता. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी हा धागा वाढवला, त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. कराराच्या सिद्धान्तासाठी ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये. म्हणजे ही कोपऱ्यात पडलेली शाखा नव्हे. अर्थशास्त्राच्या मध्यभागी तिला जागा आहे.

आमच्याकडे मात्र एम.ए.च्या वर्गात उद्योगसंस्था म्हणजे फळ्यावर काढलेले खर्चाचे वक्र, एवढीच ओळख होते. फार तर संदर्भग्रंथांतून फिशर बॉडी आणि जनरल मोटर्स यांचे उदाहरण येते. मोटारींचे सांगाडे बनवणारी फिशर बॉडी १९२६ मध्ये जनरल मोटर्सने पूर्णपणे आपल्यात सामावून घेतली; एकाच गिऱ्हाइकासाठी यंत्रसामग्री उभारली की दोन्ही बाजू एकमेकांच्या कचाट्यात सापडतात आणि ही अडवणूक टाळण्यासाठी विलीनीकरण झाले, असा अर्थ १९७८ पासून त्यातून काढला जातो. स्वतः कोस यांनी २००० साली, वयाच्या नव्वदीत, जुनी कागदपत्रे तपासून हा अर्थ चुकीचा असल्याचे मांडले. अमेरिकेत एका व्यवहारावर इतकी वर्षे वाद चालतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न वाळूजमध्ये रोज घडताना पाहता येतो, याची त्याला कल्पनाही दिली जात नाही. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. एका विशिष्ट मॉडेलच्या भागासाठी केलेला डाय, म्हणजे साचा, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नसतो. तो डाय कोणाच्या मालकीचा असावा, मॉडेल बंद झाले तर नुकसान कोणी सोसावे, दरवर्षी भाव कमी करण्याची मागणी आली तर लहान कारखानदार कशाच्या बळावर बोलणी करतो, आणि काही कारखानदार पुढे अनेक गिऱ्हाइकांचे पुरवठादार झाले तर बाकीचे एकाच दारावर का अडकले? या प्रत्येक प्रश्नावर एकेक प्रबंध लिहिता येईल, आणि त्यासाठी विद्यापीठापासून वाळूजपर्यंतच जायचे आहे.

ऊसतोडीचे उदाहरण तर याहून मोलाचे आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. पावसाळ्यातच मुकादम त्यांना उचल देतो. ती हंगामातल्या कामातून फिटायची असते, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. या विषयावर हालअपेष्टांचे आणि शोषणाचे लेखन झाले आहे, ते आवश्यकच आहे, आणि महिला कामगारांच्या आरोग्याबद्दल जे उघड झाले ते विसरता येणार नाही. पण या व्यवस्थेची आतली रचना अर्थशास्त्राने क्वचितच तपासली. तोडलेला ऊस थांबू शकत नाही, त्याचा उतारा तासागणिक घटतो. म्हणून कारखान्याला रोज ठरावीक टनेज लागतेच. तरीही कारखाना या कामगारांना आपल्या हजेरीपटावर घेत नाही. वाहतूक कंत्राटदार आणि मुकादम यांच्यामार्फत तो हे काम करून घेतो, आणि टोळी पळून गेल्याचा धोका मुकादमावर टाकतो, जो स्वतः कित्येकदा एकेकाळचा तोडणी कामगारच असतो. उचल हे कर्ज आहे, की पळून न जाण्याची हमी, की दोन्ही? टोळीतल्या एका कोयत्याने काम सोडले तर त्याची उचल कोणाच्या अंगावर पडते? हार्वेस्टर यंत्र आले की यातले काय बदलते? कामगारांचे कल्याण व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ही उत्तरे मिळवली पाहिजेत, कारण मुकादमाला वगळून थेट नोंदणी करण्याची योजना आखायची तर तो आज नेमके कोणते काम करतो हे आधी माहीत असावे लागते.

जालन्याकडे पाहिले तर प्रश्न उद्योजकतेकडे वळतो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे ही अशी वस्तू आहे की तिचा कस पिशवी फोडून कळत नाही. पेरून, उगवून, पीक हाती येईपर्यंत शेतकऱ्याला विश्वासावरच राहावे लागते. संकरित कपाशीचे बियाणे तयार करताना एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढून परागीभवन करावे लागते, आणि ते शेतकऱ्यांच्या शेतात, कंपनीच्या देखरेखीपासून दूर चालते. असा उद्योग उभा राहण्यासाठी गुणवत्तेवर लक्ष ठेवण्याची, वाद मिटवण्याची आणि पैसे वेळेवर पोचवण्याची एक संपूर्ण संघटना लागते. ती जालन्यासारख्या गावात कशी जमली? पहिल्या कंपनीत काम शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढच्या कंपन्या काढल्या काय? त्याच जालन्यात, जिथे लोहखनिज नाही आणि बंदरही जवळ नाही, तिथे भंगार वितळवून सळई बनवणारा पोलाद उद्योग का रुजला? या दोन उद्योगांत भांडवल, नातीगोती, बाजारपेठेची माहिती यांचा काही समान वारसा आहे काय? ज्यांनी हे घडवले त्या पिढीतली माणसे आज वृद्ध आहेत किंवा गेली आहेत. त्यांच्या वह्या, पत्रव्यवहार, आठवणी जमा करण्याचे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खंत याचीच वाटते.

'मराठवाड्यात उद्योजकच नाहीत' असे विधान अनेकदा ऐकू येते. विल्यम बॉमॉल यांनी १९९० साली मांडलेला युक्तिवाद त्याला उत्तर देतो. त्यांच्या मते कल्पक, धाडसी, संधी हेरणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. ती आपली बुद्धी कुठे लावतील, हे त्या समाजात कशाला किती मोबदला मिळतो यावर ठरते. काही काळात ती कारखाने काढतात, काही काळात सत्तेच्या दारात कंत्राटे मिळवतात, आणि काही काळात चक्क लूटमार करतात. आमच्या तालुक्याच्या गावांत हुशार, हिशेबी, माणसे जोडणारा तरुण आज गुत्तेदारीत, प्लॉटिंगमध्ये किंवा खासगी शिकवणीच्या वर्गांत दिसतो. तो धोका पत्करतो, भांडवल गोळा करतो, यंत्रणा सांभाळतो. उद्योजकाचे सगळे गुण त्याच्यात आहेत. मग त्याने डाळमिल किंवा सोयाबीन प्रक्रियेचा कारखाना का काढला नाही? लातूरला तुरीची एवढी मोठी बाजारपेठ असताना प्रक्रियेचा व्यवसाय काही घराण्यांबाहेर का पसरत नाही? उद्योजकता विकासाची शिबिरे घेऊन आणि तरुणांना जिद्द बाळगायला सांगून हा प्रश्न सुटणार नाही, कारण जिद्दीची कमतरता हे त्याचे कारण असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही.

महाराष्ट्रातल्या उद्योगांवर असे संशोधन झालेच नाही असे नाही. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या कापड कारखान्यांत केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला विनामूल्य दिला, काहींना दिला नाही आणि दोहोंची तुलना केली; सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. त्याहून लक्षात राहणारा निष्कर्ष वेगळाच होता: कंपनी किती मोठी होईल हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर बरेचसे अवलंबून होते, कारण घराबाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती कारभार सोपवायला मालक धजत नव्हते. हे वाचताना मराठवाड्यातला कोणताही व्यापारी मान डोलावेल. पण हे शोधून काढणारे अभ्यासक अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि जागतिक बँकेत होते, आणि त्यांच्या प्रश्नांचा क्रम तिथल्या विद्याविश्वाने ठरवलेला होता. त्यात काही गैर नाही. मात्र भावकीतली वाटणी, जातीनिहाय मिळणारे कर्ज, निजामकाळापासून चालत आलेली व्यापारी घराणी, दुष्काळात विकले जाणारे भांडवल हे प्रश्न त्या यादीत आपोआप येणार नाहीत.

आपला एखादा हुशार विद्यार्थी परदेशात जाऊन हे काम करील, अशी आशाही फारशी धरता येत नाही. तिथे पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात, मग नोकरी मिळाल्यावर सहा-सात वर्षांत कायम होण्याचा निर्णय होतो आणि तो मोजक्या नियतकालिकांतल्या लेखांवर ठरतो. त्या मुदतीत जालन्याच्या सळई उद्योगाची तीस वर्षांची गोष्ट उकलत बसणे कोणालाही परवडणार नाही.

मग इथे काय परवडते? आमच्याकडचा अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी नेट किंवा सेट उत्तीर्ण होतो, पीएच.डी.ला नोंदणी करतो आणि तासिका तत्त्वावर शिकवू लागतो. त्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, सुट्यांत ते मिळत नाही, आणि कायम जागा निघेल या आशेवर त्याची वर्षे जातात. त्याच्या प्रबंधाच्या शीर्षकात एका जिल्ह्याचा 'विशेष संदर्भ' असतो, शंभर-दोनशे जणांकडून एक प्रश्नावली भरून घेतलेली असते आणि टक्केवारीचे तक्ते असतात. याला त्याचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःच्या खिशातून एस.टी.चे भाडे भरून, सहा-सहा तासिका घेऊन उरलेल्या वेळात जेवढे क्षेत्रकार्य होऊ शकते, तेवढे तो करतो. पुढे नोकरी मिळाली तर बढतीचे गणित सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापकाच्या थेट निवडीसाठी किमान सात आणि प्राध्यापकासाठी किमान दहा शोधलेख लागतात. आयोगाने ग्राह्य धरलेल्या नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, पण लेखांची संख्या मोजण्याची सवय गेलेली नाही. एखाद्याने पाच वर्षे एकाच साखर कारखान्याच्या तोडणी यंत्रणेत घालवून एकच मौलिक लेख लिहिला, तर या मोजणीत तो मागे पडतो. कोस यांचा अमेरिका दौरा आणि त्यांचा लेख यांच्यात पाच वर्षांचे अंतर होते. ज्यांनी हा विषय घडवला त्यांच्या कामाचा वेग असा होता, आणि उद्योगसंस्थेचा अभ्यास याहून घाईने होत नाही, कारण मालक, मुकादम, बँकेचा अधिकारी हे सगळे अनोळखी माणसासमोर पहिल्या भेटीत खरे बोलत नाहीत.

महाराष्ट्राला अशा कारकिर्दीची परंपरा नाही असेही नाही. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रमुख होते. भारतातील उद्योगांच्या इतिहासावर आणि व्यापारी वर्गाच्या उगमावर त्यांनी लिहिले, आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते उतरले, त्याचे अध्यक्षही झाले. शेतकऱ्यांनी स्वतःची औद्योगिक संस्था कशी चालवावी, हा प्रश्न त्यांनी कागदावर आणि कारखान्यात अशा दोन्ही ठिकाणी हाताळला. त्याआधी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लिहिताना दाखवून दिले होते की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते, आणि त्याचा खरा उपाय औद्योगिकीकरणात आहे. शेतीकडे एक उद्योग म्हणून पाहण्याची ही दृष्टी होती. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात या प्रश्नावर अभ्यासकेंद्र असणे हे अत्यंत स्वाभाविक ठरेल.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की उद्योगपतींचा अभ्यास करायला सार्वजनिक पैसा कशाला. त्यांच्या संघटनांनीच तो करून घ्यावा. मला हा आक्षेप गंभीर वाटतो आणि त्याचे उत्तर त्याच्या नेमके उलट आहे. उद्योगाच्या पैशातून झालेला अभ्यास सवलतीच्या मागणीला पुरावा पुरवण्याकडे झुकतो. विद्यापीठाच्या पगारावर असलेला माणूसच असे म्हणू शकतो की अमुक अनुदानातून काही निष्पन्न झाले नाही, किंवा अमुक पतसंस्था बुडण्याची चिन्हे ठेवींच्या व्याजदरातच दिसत होती. मराठवाड्यात ठेवीदारांनी अलीकडे जे सोसले ते पाहता, संस्थांचा कारभार आतून वाचू शकणारे स्वतंत्र अभ्यासक जिल्ह्याजिल्ह्यात असण्याची किंमत काय आहे हे वेगळे सांगायला नको. गाडगीळांसारखे अध्यक्षपद प्रत्येक अभ्यासकाने स्वीकारावे असेही मी म्हणणार नाही. आजच्या काळात अभ्यासक आणि संचालक मंडळ यांच्यात थोडे अंतर असलेलेच बरे. उद्योजकांच्या संघटनांनी, म्हणजे सीएमआयए किंवा मासिआ यांनी, एवढे करावे की सभासदांच्या हिशेबाच्या वह्या नाव गुप्त ठेवण्याच्या लेखी अटीवर संशोधकांना पाहू द्याव्यात आणि निष्कर्षावर हक्क सांगू नये.

आरंभासाठी मला शेतकरी उत्पादक कंपन्यांचा विषय सर्वांत योग्य वाटतो. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन किमान दहा शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येऊ लागली. भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार नव्या उत्पादक संघटनांची योजना आणली आणि मराठवाड्यातही अनेक कंपन्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या काहींनी गोदाम, चाळणी यंत्र, थेट विक्री असे बरेच साधले आहे. काहींचे काम नोंदणी आणि लेखापरीक्षणापुरते उरले आहे. सभासद आपलाच माल आपल्या कंपनीला न देता गावच्या व्यापाऱ्याला का देतो, हा कोस यांचाच प्रश्न आहे, फक्त तो हिंगोलीत किंवा परभणीत विचारायचा आहे. जूनमध्ये बियाण्याला उसने पैसे व्यापाऱ्याने दिलेले असतात, माल नेताच तो रोख देतो, आणि कंपनीकडे खेळते भांडवल नसते, हे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण मग काही कंपन्यांत सभासद टिकतात ते कशामुळे, हे कोणी मोजलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे. त्या विद्यार्थ्यांना दरवर्षी त्याच पन्नास कंपन्यांकडे पाठवले, नोंदी एकाच पद्धतीने ठेवल्या, तर पाच वर्षांत असा माहितीसंच तयार होईल जो देशात दुसऱ्या कोणाकडेही मिळणार नाही. तो संच तयार करणाऱ्या शिक्षकाच्या कामाला बढतीच्या वेळी शोधलेखाइतकेच गुण मिळाले पाहिजेत, त्याचे मराठीतले अहवाल ग्राह्य धरले पाहिजेत, आणि तो शिक्षक पाचही वर्षे त्याच विभागात राहील अशी नेमणूक त्याला मिळाली पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींपैकी जे विद्यापीठाच्या अधिकारात आहे ते विद्या परिषदेने ठराव करून सुरू करावे आणि उरलेल्यासाठी आयोगाकडे आग्रह धरावा. तिसरीसाठी रिक्त जागा भराव्या लागतील, आणि तो निर्णय मुंबईत, मंत्रालयात अडलेला आहे.